जीएम अन्न आणि आपलं ताट: ग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गट, महिला मंडळं, सोसायट्यांच्या सभा अशा ठिकाणी मी भेसळ आणि पाकिटांवरची लेबलं या विषयांवर बोलायला जाते. बोलणं संपत आलं की कुणीतरी हात वर करून विचारतं, "आणि ते जीएमचं काय हो?" मग पुढचा अर्धा तास त्यातच जातो. प्रयोगशाळेत जनुकांमध्ये बदल करून घडवलेल्या वाणाला जीएम म्हणतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र भीती, ऐकीव गोष्टी आणि अगदी रास्त शंका यांची सरमिसळ असते. ते प्रश्न लोक विचारतात त्याच भाषेत इथे घेतले आहेत.

हल्ली भाज्यांना चवच नाही. सगळं हायब्रीड झालंय. म्हणजे जीएमच ना?

नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हायब्रीड म्हणजे संकरित. एकाच पिकाचे दोन वेगळे वाण घ्यायचे, एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर टाकायचे आणि त्यातून येणारं बी पेरायचं. जीएममध्ये दुसऱ्याच एखाद्या जिवाचं, बऱ्याचदा मातीतल्या जिवाणूचं, जनुक घेऊन ते पिकाच्या पेशीत बसवतात. असं मीलन शेतात आपसूक होऊ शकत नाही.

ही गल्लत आपल्याकडे इतकी घट्ट का बसली, याला मात्र कारण आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात पसरली. पीक भरघोस आलं, पण गावरान ज्वारीच्या भाकरीची चव तिला नव्हती. काढणीच्या वेळी पावसात सापडली की कणसं काळी पडायची. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळू लागली. त्या लाल ज्वारीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, ती माणसं आजही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मिलो हायब्रीड होती की नव्हती, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. बाहेरून आलेलं, पोट भरणारं, पण जिभेला न पटणारं असं जे जे होतं ते सगळं 'हायब्रीड' या एका शब्दात जमा झालं. गावरान आणि हायब्रीड अशी खाण्याची दोनच खाती पडली. पुढे जीएम आलं, ते आपोआप दुसऱ्या खात्यात गेलं.

आजचे टोमॅटो बेचव लागतात हे खरं आहे. ते कच्चे तोडतात, लांबवर पाठवतात, आणि वाण निवडताना चवीपेक्षा साल जाड असणं नि फळ टिकणं पाहतात. यात जीएमचा काहीही संबंध नाही.

मग बाजारातल्या कुठल्या भाज्या आणि फळं जीएम आहेत?

भारतात सरकारी परवानगीने पिकणारी एकही नाही. तैवान पपई, बिनबियांचं कलिंगड, बिनबियांची द्राक्षं, रंगीत ढोबळी मिरची, स्वीट कॉर्न, ब्रोकोली या सगळ्यांवर संशय घेतला जातो. पण या साऱ्या नेहमीच्या संकरातून, निवडीतून आलेल्या आहेत. लोकवन, शरबती, खपली हे गहूही जीएम नाहीत. परदेशातून सफरचंद, बटाटा, पपई अशी २४ ठरावीक पिकं आणायची असतील, तर ती जीएम नसल्याचा दाखला लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा हा आदेश १ मार्च २०२१ पासून लागू आहे.

चोरीछुपे काही होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यातल्या एका शेतात परवानगी नसलेलं बीटी वांगं, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं जीएम वांगं, सापडलं होतं.

म्हणजे आपण जीएम खातच नाही तर?

खातो. सभेत हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघायला लागतात.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. कापूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापड येतं. पण जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकी उरते, तिचं तेल काढतात आणि ते तेल खाण्यात येतं. गुजरातेत ते घराघरात वापरतात. आपल्याकडे सरकीचं तेल म्हणून बाटली विकत घेणारे कमी, पण फरसाण, वेफर्स, तळणीचे पदार्थ आणि मिश्र तेलं यांतून ते येतं. घरात चिवड्याचं पाकीट असेल तर उलटून घटक वाचा. 'खाद्यतेल' या शब्दापुढे सरकी किंवा कॉटनसीड असं लिहिलेलं अनेकदा दिसेल.

दुसरी वाट सोयाबीन तेलाची. लातूर, वाशीमचं सोयाबीन जीएम नाही, कारण आपल्याकडे जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही. पण आपलं तेल आपल्याला पुरत नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून दरवर्षी लाखो टन सोयाबीन तेल येतं, आणि तिथलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम असतं. पिशवीतल्या तेलात कुठलं किती आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कॅनोला तेलाचंही तसंच, कारण कॅनडातला बहुतेक कॅनोला जीएम आहे.

२०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातली ६५ उत्पादनं तपासली. त्यांतल्या ३२ टक्के नमुन्यांत जीएमचा अंश सापडला. त्यातला बराचसा माल आयात केलेला होता. पाकिटांवर तसा उल्लेख नव्हता.

मला यात खटकतं ते हे, की बीटी कापसावर देशभर इतके वाद झाले, बोंडअळीवर बोललं गेलं, शेतकऱ्यांच्या कर्जावर बोललं गेलं, पण त्याचं तेल खाणाऱ्या माणसाला कुणी एका ओळीनेही कळवलं नाही. तो या चर्चेत कधी आलाच नाही.

तेलातून ते जनुक आपल्या पोटात जातं का?

रिफाइंड तेलात ते जवळजवळ उरतच नाही. जनुकं आणि त्यांनी बनवलेली प्रथिनं बियांच्या गरात, म्हणजे पेंडीत राहतात. तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. सरकीचं कच्चं तेल तर तसंच खाताच येत नाही. त्यात गॉसिपॉल नावाचं घातक द्रव्य असतं आणि रंगही काळपट असतो, म्हणून ते शुद्ध करावंच लागतं. त्या प्रक्रियेत प्रथिनांचा राहिलासाहिला अंशही निघतो.

त्यामुळे "सरकीचं तेल खाऊन आपलं जनुक बदलेल" ही भीती सोडून द्या. कुठल्याही अन्नातलं जनुक आपल्या जनुकांत जाऊन बसत नाही. मेथीच्या भाजीतही हजारो जनुकं असतात आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या पचवत आलो आहोत. तरीही तेल कुठल्या पिकाचं आहे हे विचारायचा तुमचा हक्क उरतोच. एखाद्याला तणनाशकांच्या जोरावर चालणारी शेती नको असेल, एखादीला बियाण्यावर मूठभर कंपन्यांचं वर्चस्व नको असेल. असं कारण असणाऱ्याला "तेलात प्रथिन नसतं" हे उत्तर पुरणार नाही.

गाईम्हशींना सरकी घालतात. मग दुधाचं काय?

सरकीची पेंड, विदर्भात जिला ढेप म्हणतात, ती दुभत्या जनावरांचा नेहमीचा खुराक आहे, आणि आता ती बीटी कापसाचीच असते. जनावराच्या पोटात बीटीचं प्रथिन इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्यामुळे दुधाच्या गुणात फरक पडल्याचं दिसलेलं नाही. लेबलांबाबत अतिशय कडक असलेल्या युरोपातही जीएम चारा खाल्लेल्या गाईच्या दुधावर तसं लिहावं लागत नाही.

बीटीने अळी मरते. मग माणसाला काहीच होत नाही हे कसं मानायचं?

हा मला सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याच्यातलं एक जनुक झाडात घातलं की झाड एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. तिथे ते प्रथिन जागं होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या जठरात आम्ल असतं, त्यात ते प्रथिन मोडतं. आणि ज्या जागांना ते चिकटतं, त्या आपल्या आतड्यात नसतातच. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात सेंद्रिय शेतीतही गेली कित्येक दशकं वापरला जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून अधिक अभ्यास तपासले. बाजारात असलेलं जीएम अन्न खाल्ल्याने साध्या अन्नापेक्षा जास्त धोका होतो, असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या उंदरांवरच्या प्रयोगाची चित्रं जगभर फिरली, अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तो लेख ज्या नियतकालिकात छापला होता, त्यानेच २०१३ मध्ये मागे घेतला. ते चित्र तुम्हाला आलं, तर पुढे पाठवू नका.

पण 'जीएम' या नावाखाली सगळं एकत्र सुरक्षित किंवा एकत्र घातक ठरत नाही. प्रत्येक वाणात वेगळं जनुक असतं, म्हणून प्रत्येकाची वेगळी तपासणी व्हायला हवी.

२०१० मध्ये बीटी वांग्याचं नेमकं काय झालं होतं?

हे नीट सांगायला हवं, कारण खाणाऱ्यांचं म्हणणं या देशात सरकारने समोर बसून ऐकलं, असा प्रसंग क्वचितच आला आहे.

वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. ती फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन:पुन्हा फवारत राहतो, कधी तोडणीच्या आदल्या दिवशीही. जालन्याच्या महिको कंपनीने बीटीचं जनुक असलेलं वांगं तयार केलं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आपल्या भागातल्या वाणांत ते जनुक आणायचं काम हाती घेतलं. त्यात आपली मांजरी गोटाही होती. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने लागवडीला हिरवा कंदील दाखवला.

तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर सही करण्याऐवजी सात शहरांत जाहीर सुनावण्या ठेवल्या: कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर. सुमारे आठ हजार माणसं आली. शेतकरी आले, शास्त्रज्ञ आले, डॉक्टर आले, गृहिणी आल्या. बीटी कापसाने हात दिलेले शेतकरी बाजूने बोलले, हात पोळलेले विरोधात बोलले. नागपूरला कापसाचा हा दोन्ही बाजूंचा अनुभव अगदी दाराशी होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही, अनेक राज्य सरकारांचा विरोध आहे, स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत आणि घाई करण्यासारखी निकड नाही, अशी कारणं त्यांनी दिली. त्याच वर्षी त्या समितीच्या नावातला 'मान्यता' शब्द जाऊन तिथे 'मूल्यांकन' आला.

वांगं हे पीकही असं होतं, की त्यावर माणसं बोलणारच. ते आपल्या भूमीतलं. गावागणिक त्याची जात वेगळी: कृष्णाकाठचं, जळगावचं भरताचं, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, काटेरी, पांढरं, हिरवं. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करणारी घरं आजही आहेत. कापसाच्या बाबतीत गप्प राहिलेला ग्राहक वांग्यावर जागा झाला, यात मला नवल वाटत नाही. तेल कुठून आलं ते दिसत नाही, पण वांगं आपण हातात घेऊन, देठ बघून, दाबून घेतो.

स्थगिती योग्य होती का? मला योग्य वाटते. चाचण्यांची बहुतेक माहिती कंपनीकडूनच आलेली होती, आणि ज्याला विकायचं आहे त्याच्याच प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा, असं कुणी आपल्याला सांगू नये. पण त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, हेही तितकंच खरं. स्थगितीचा अर्थ 'पुन्हा नीट तपासा' असा होता. ज्या स्वतंत्र चाचण्यांसाठी ती दिली, त्या तडीस जाऊन निकाल लोकांपुढे आला नाही. इकडे बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये हेच वांगं मंजूर केलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पहिल्या वीस शेतकऱ्यांना रोपं वाटली. आपण मात्र अजूनही भरपूर फवारलेलं वांगं खातो आणि ते 'नैसर्गिक' समजतो.

टोमॅटोत माशाचं जनुक घातलंय म्हणे. शाकाहारी माणसाने काय करायचं?

थंडी सोसणाऱ्या माशाचं जनुक टोमॅटोत घालायचा प्रयोग १९९० च्या सुमारास अमेरिकेत झाला होता. तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. बीटी वाणांतलं जनुक मातीतल्या जिवाणूचं असतं, प्राण्याचं नसतं.

पण उद्या एखाद्या पिकात प्राण्याचं जनुक आलंच, तर? एका सभेत एका आजींनी मला हे विचारलं आणि म्हणाल्या, "मला ते चालतं की नाही हे मी ठरवीन, तू फक्त सांग त्यात काय आहे ते." मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलेलं नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण याच कारणासाठी मागून घेतला.

फोडणीची मोहरी जीएम आहे का?

बाजारातली नाही. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने डीएमएच-११ नावाची जीएम मोहरी तयार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणात सोडायची परवानगी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचा निकाल विभागून आला. जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवं, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. मोहरीची बाब सरकीपेक्षा वेगळी आहे, हे लक्षात ठेवा. तिचं नुसतं तेल खाल्लं जात नाही. फोडणीत अख्खी मोहरी पडते, लोणच्यात मोहरीची डाळ असते, उत्तरेत पाल्याची भाजी करतात.

शास्त्रज्ञ सुरक्षित म्हणतात, तरी लोक का ऐकत नाहीत?

अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८८ टक्के शास्त्रज्ञांनी जीएम अन्न सुरक्षित मानलं होतं, आणि सामान्य लोकांपैकी फक्त ३७ टक्क्यांनी. इतकं मोठं अंतर दुसऱ्या कुठल्याच विषयात त्यांना आढळलं नाही. २०१९ मधल्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की सर्वांत तीव्र विरोध करणाऱ्यांची या विषयातली माहिती सर्वांत कमी होती, पण आपल्याला सर्वांत जास्त कळतं असं त्यांनाच वाटत होतं.

यावरून 'लोक अडाणी आहेत, त्यांना शिकवा' असा निष्कर्ष काढायची घाई होते. मला तो पटत नाही. ज्या घरात जीएमला विरोध असतो, त्याच घरातले आजोबा रोज इन्सुलिन टोचून घेतात. ते इन्सुलिनही जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडूनच बनवून घेतात, १९८२ पासून. आजोबा तक्रार करत नाहीत, कारण त्याचा फायदा त्यांना स्वतःला दिसतो आणि डॉक्टरांनी समोर बसून ते समजावलेलं असतं. जीएम अन्नात फायदा बियाणं विकणाऱ्याला, कधी शेतकऱ्याला होतो. खाणाऱ्याच्या वाट्याला स्वस्ताई नाही, चव नाही, उरते ती फक्त शंका. अशा वेळी माणूस "मग मी का घेऊ?" असं विचारतो, आणि त्यात अडाणीपणा मला दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९९६ साली दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी जीएम टोमॅटोची प्युरी विकायला ठेवली. डब्यावर तसं ठळक लिहिलं होतं, आणि तेवढ्याच पैशांत साध्या प्युरीपेक्षा जास्त माल मिळत होता. लोकांनी ती आनंदाने घेतली, लाखो डबे खपले. १९९८ मध्ये जीएम बटाट्यांवरच्या एका प्रयोगाची बातमी टीव्हीवर आली आणि गदारोळ उठला. त्याआधी गाईंच्या 'मॅड काऊ' रोगाच्या वेळी सरकारने 'गोमांस सुरक्षित आहे' असं सांगितलं होतं आणि ते खोटं ठरलं होतं. ती जखम ताजी होती. १९९९ पर्यंत प्युरी दुकानांतून गेली. डब्यातला माल तोच होता, पण सांगणाऱ्यावरचा भरवसा उडाला होता.

शेतकऱ्यांना जीएम हवंय. ग्राहकांनी नको म्हणणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय नाही का?

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशकरोधक कापसाचं बी उघडपणे पेरलं. गावोगाव त्याला चोर बीटी म्हणतात. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही त्यांची अडचण शंभर टक्के खरी आहे. शहरात बसून 'हे नको' म्हणणं सोपं असतं, हे मी आधी कबूल करते.

पण चोर बीटीने ग्राहकाचाही घात होतो. बिनपरवाना बी म्हणजे बिनतपासणी बी. त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, तर अमेरिका, युरोपच्या नियामक संस्था ते मान्य करत नाहीत. हा वाद काहीही असो, आपल्या शेतात ते किती मारलं जातं याची मोजदाद होत नाही आणि सरकी शेवटी घाण्यावरच जाते.

आणि शेतकरी सगळेच एका बाजूला नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवं सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर हा निर्णय झाला आणि मराठवाड्या-विदर्भातले उत्पादक भाव पडणार म्हणून संतापले. जे पेरायला आपल्याला बंदी, तेच परदेशातून आणायला मुभा, हा त्यांचा सवाल होता. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

लेबल लावलं तर लोक घाबरून घ्यायचेच थांबतील ना?

कंपन्या नेहमी हेच सांगतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जुलै २०१६ मध्ये जीएमचं लेबल सक्तीचं झालं. अभ्यासकांनी आधीची आणि नंतरची मतं पाहिली, तेव्हा इतर ठिकाणांच्या तुलनेत तिथला विरोध १९ टक्क्यांनी कमी झालेला होता. लपवलं जात नाही हे कळल्यावर माणूस शांत होतो. ब्रिटनमधली प्युरीही लेबलासकटच खपत होती.

आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' लिहावं, असा नियम वजनमापे कायद्याखाली आला. मी तेव्हापासून दुकानात शोधते आहे. देशी तेलाच्या एकाही पिशवीवर मला ती दोन अक्षरं दिसलेली नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मसुदा काढला. एखाद्या घटकात जीएमचा अंश एक टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर लेबल लावा, असं त्यात होतं. युरोपात ही मर्यादा ०.९ टक्के आहे. पण अंश मोजून लेबल लावायचं ठरलं, तर रिफाइंड तेल त्यातून सुटू शकतं, कारण त्यात सापडण्याजोगं काही उरतच नाही. म्हणून पीक कुठलं होतं यावर लेबल ठरायला हवं, तेलात काय सापडतं यावर नको. मसुद्यांवर हरकती मागवतात तेव्हा मी प्रत्येक मंडळाला हाच मुद्दा लिहून पाठवायला सांगते.

मला टाळायचंच असेल तर काय करू?

शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल, सूर्यफूल यांपैकी तेल घ्या. या पिकांचं जीएम वाण भारतात पिकत नाही. 'मिश्र' किंवा 'ब्लेंडेड' लिहिलेल्या पिशवीची मागची बाजू वाचा. फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांच्या पाकिटावर तेलाचं नाव पाहा. प्रमाणित सेंद्रिय मालात जीएम चालत नाही, त्यामुळे 'जैविक भारत'चं चिन्ह उपयोगी पडतं. सुट्या तेलाला आणि हॉटेलातल्या तळणीला मात्र इलाज नाही. आणि साध्या मिठावर किंवा पाण्यावर 'जीएममुक्त' लिहिलेलं दिसलं, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मिठात जनुकं नसतातच.

मुलगा-सून अमेरिकेत आहेत. तिथल्या पाकिटांवर 'बायोइंजिनिअर्ड' लिहिलेलं असतं, ते काय?

तेच, जीएमचं तिथलं सरकारी नाव. १ जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचं आहे. मका, सोयाबीन, कॅनोला, साखरेचं बीट, काही पपई, न काळवंडणारं सफरचंद, गुलाबी अननस ही पिकं त्या यादीत आहेत. बांगलादेशचं बीटी वांगंही आहे. रिफाइंड तेल, साखर यांत अंश सापडत नसेल तर लेबल लागत नाही, आणि उपाहारगृहांना सूट आहे. सुनेने सांगितलं, की तिकडे कॉर्न चिप्सच्या पाकिटावर हे बघून आधी दचकायला व्हायचं, आता सवय झाली.

जीनोम एडिटिंगचा तांदूळ म्हणजे जीएमच का?

त्यात बाहेरचं जनुक घालत नाहीत, झाडाच्या स्वतःच्याच जनुकात छोटी दुरुस्ती करतात. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा काही प्रकारांना जीएमच्या नियमांतून वगळलं, आणि ४ मे २०२५ रोजी कमला आणि पुसा डीएसटी राइस-१ ही दोन वाणं जाहीर झाली. शास्त्राच्या दृष्टीने फरक खरा आहे. पण नियमांतून वगळलं म्हणून ग्राहकाला सांगायचंही वगळू नये, असं मला वाटतं. सरकीच्या तेलाबाबत झालं तेच भाताबाबत व्हायला नको.

तुम्ही स्वतः काय करता?

घरी करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल असतं, चवीसाठी आणि सवयीने. बाहेरचं फरसाण आलं तर खाते, त्यात सरकीचं तेल आहे हे माहीत असूनही. बीटी वांगं उद्या मंडईत आलं, कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेने तपासलेलं असलं आणि पाटीवर तसं लिहिलेलं असलं, तर एक किलो घेईन आणि भरीत करून बघेन. पाटीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर भाजीवाल्या मावशींना विचारेन. पण त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसेल.